भूलवाल्यांच्या नळ्या

उभ्या सौदी अरेबियात भर दुपारी हटकून जागा असणारा एकच मराठी माणूस होता, आणि आमचं नशीब असं की तो नेमका आमच्या भिंतीपलीकडे राहत होता. त्यात गंमत म्हणजे हा माणूस व्यवसायानं भूलतज्ज्ञ होता. आमच्या इस्पितळाची ड्यूटी दोन तुकड्यांत असे, सकाळी नऊ ते एक आणि संध्याकाळी पाच ते नऊ. मधले चार तास देवानं, कफिलानं म्हणजे आमच्या अरब मालकानं आणि उन्हानं मिळून मराठी माणसाच्या वामकुक्षीसाठीच राखून ठेवले आहेत, याबद्दल आमच्या क्वार्टर्समध्ये कुणाचंही दुमत नव्हतं. बाहेर डांबर वितळतंय, आत एसी घरघरतोय, पोटात आमटीभात गेलाय. अशा वेळी डाव्या कुशीवर वळण्यापलीकडे माणसाला दुसरं कर्तव्य उरत नाही. आमचे भूलवाले मात्र सकाळी लोकांना झोपवून यायचे, संध्याकाळी पुन्हा झोपवायला जायचे, आणि मधल्या वेळात ज्यांना बिनसुईची फुकट झोप लागत असे त्यांना उठवायचे. डाव्या कुशीशी त्यांचाही संबंध होता, नाही असं नाही. पण त्या कुशीत ते एक कातडी पिशवी दाबून धरत, आणि ती पिशवी ओरडे.

हे इस्पितळ जेद्दाच्या उत्तरेला, थुवाल गावाच्या पुढे, समुद्रालगतच्या रस्त्यावर होतं. त्या वर्षांत एका अंगाला वाळूतून अख्खं विद्यापीठ उगवत होतं आणि दुसऱ्या अंगाला अख्खं शहर. त्यामुळे परांचीवरून पडलेले, बोट चेमटलेले, पाठ धरलेले लोक आमच्याकडे रांग लावून येत. मोडलेलं सर्जन जोडायचे, जोडताना ओरडू नये म्हणून भूलवाले झोपवायचे, आणि जोडलेलं पुन्हा हलवायचं काम फिजिओथेरपिस्ट म्हणून माझ्याकडे. भूलवाले मूळचे मिरजेचे. माझ्याहून पंधरा-वीस वर्षांनी मोठे, गोरे, गोल, आणि पोट असं की ऑपरेशन टेबलापाशी ते आधी पोहोचे आणि डॉक्टर मागाहून. बोलणं इतकं संथ की ऐकणाऱ्याला जांभई आलीच पाहिजे. आणि जांभई आली की गृहस्थ खूश होऊन समोरच्याच्या घशात डोकावत. माणसाची किंमत त्याच्या मानेवरून आणि जबड्यावरून करायची ही त्यांची रीत. पहिल्या भेटीत माझं नावगाव विचारायच्या आधी त्यांनी माझी मान न्याहाळली आणि म्हणाले, "छान. तुमच्या घशात नळी घालायला काही त्रास पडायचा नाही." माझी बायको त्यांना पहिल्यांदा जेवायला वाढत होती, तेव्हा भाताच्या ढिगावरून मान वर करून म्हणाले, "ताई, तुमची हनुवटी जरा मागे आहे हं. कधी ऑपरेशनची वेळ आली तर दुसऱ्या कुणाच्या हातात पडू नका." त्या रात्री आमच्या आरशासमोरून बायको हलेना.

आपल्या कामाचा अभिमान त्यांना होता, पण तो भलत्याच ठिकाणी. कुणी म्हणालं, "वा डॉक्टर, कसं पटकन झोपवलंत!" की ते नाराज होत. "झोपवायला काय, कीर्तनकारही झोपवतो," ते म्हणत. "मी पगार घेतो तो उठवायचा." आणि ते खरंच होतं. टेबलावरच्या माणसाला ते असे उठवत की त्याला आपण झोपलो होतो याचाच पत्ता नसे. एक दुःख मात्र त्यांना आयुष्यभर होतं. बरा झालेला माणूस सर्जनला खजुराचा डबा आणून देतो, मला साधा मसाज केल्याबद्दल मिठी मारतो, आणि भूलवाल्यांना ओळखतही नाही. "जन्मभर माझ्यासमोर लोक झोपतच आलेत हो," ते सुस्कारा टाकून सांगत. "एखादा जागा राहून माझं काही ऐकेल तर शपथ."

तो एखादा पुढे भेटला. शहराच्या कामावरचा एक स्कॉटिश इंजिनियर हर्नियासाठी आमच्याकडे दाखल झाला. काटकुळा, सत्तरीकडे झुकलेला. त्याला पूर्ण भूल न देता कमरेत सुई देऊन फक्त खालचा भाग बधिर केला, त्यामुळे ऑपरेशन चालू असताना हा म्हातारा टक्क जागा आणि डोक्याशी आमचे भूलवाले. सर्जन खाली शिवतोय आणि हे दोघे वर गप्पा मारताहेत. भूलवाल्यांनी मिरजेच्या तंबोऱ्यांबद्दल सांगितलं, त्यानं आपल्या गावच्या पिशवीच्या वाद्याबद्दल सांगितलं. टाके पडेपर्यंत दोघांची दाट मैत्री झाली होती. पुढे तो म्हातारा फायनल एक्झिटवर, म्हणजे नोकरी संपवून कायमचा मायदेशी निघाला. फायनल एक्झिटवर जाणाऱ्या माणसाची इस्टेट आमच्याकडे आपोआप वाटली जाते. कुणाला फ्रीज मिळतो, कुणाला गाडी, आम्हांला एका फिलिपिनो सिस्टरची तीन पिंजरे भरून बजरीगार पाखरं मिळाली होती. भूलवाल्यांना ते वाद्य मिळालं. म्हाताऱ्याची बोटं संधिवातानं आखडली होती आणि ते वाद्य ज्याला ऐकायला वेळ आहे अशा माणसाकडे जावं एवढीच त्याची इच्छा होती.

हे वाद्य बॅगपाइपच्या जातीचं, पण याला तोंडानं फुंकत नाहीत. उजव्या काखेत एक छोटा भाता पट्ट्यानं बांधायचा, अगदी लोहाराचा असतो तसा, आणि कोपरानं तो दाबत राहायचं. भात्यातला वारा नळीतून डाव्या काखेतल्या पिशवीत जातो, पिशवीतला वारा पुढच्या नळीत जातो, आणि तिच्यावर बोटं फिरवून चाल वाजवायची. एवढ्यावर थांबलं असतं तर आमची दुपार वाचली असती. पण त्या पिशवीला आणखी तीन नळ्या असतात, एकाच मुठीत खोचलेल्या. त्या चाल वाजवत नाहीत. त्या नुसता सूर धरून बसतात, तंबोऱ्यासारखा, एकच एक, वारा असेपर्यंत. भूलवाले त्यांना थोरली, मधली आणि धाकटी म्हणत. तिघी जावा, म्हणायचे, एका मुठीत राहतात आणि एकमेकींशी जमवून घेत नाहीत. धाकटी तर एसी लागला की सुरातून घसरायचीच.

तरी सुरात आणणं सोपं होतं. खरा प्रश्न होता त्यांना बसवायचं कुठे हा. म्हाताऱ्याच्या छातीवर त्या तिघी डावीकडून उजवीकडे अशा तिरप्या, जानव्यासारख्या शांत पडून राहत. म्हाताऱ्याला पोट नव्हतं. भूलवाल्यांच्या छातीवर त्या ठेवल्या की पोटाच्या उताराला लागायच्या आणि थेट उजव्या मांडीवर जाऊन आदळायच्या. वर धराव्या तर हनुवटीला टोचत, हातावर घ्याव्या तर भाता हलला की नाचत, आणि नाचल्या की तिघींचं भांडण सुरू. म्हाताऱ्यानं जाताना एकच उपदेश केला होता, "त्यांना जिथे आराम वाटेल तिथे बसू दे. जबरदस्ती करू नकोस." यांना वाटलं, किती सोपं! म्हाताऱ्यानं यांना एक मेंढपाळांची चाल शिकवली होती. तिचे दोन भाग. पहिला भाग खालच्या सुरांत रमतगमत जातो, दुसरा वर चढतो. वर चढायला उजवा हात हलला की नळ्या घसरायच्या, एक धाडकन आवाज व्हायचा, मिरजेकडचा एक अस्सल शब्द भिंतीतून ऐकू यायचा आणि पुन्हा पहिला भाग सुरू. त्यामुळे अख्ख्या इमारतीला पहिला भाग तोंडपाठ झाला, आणि दुसरा कसा आहे हे वर्षभर कुणालाच कळलं नाही. केसपेपर हातात घेऊन मी तो पहिला भाग गुणगुणतोय हे एका रोग्यानं माझ्या लक्षात आणून दिलं तेव्हा मला स्वतःचीच शरम वाटली.

सुरुवातीला तर हे वाद्य आहे हेच आम्हांला ठाऊक नव्हतं. दुपारी भिंतीतून एक सलग हुंकार यायचा. माझी खात्री की एसीचा कॉम्प्रेसर गेला. मी इमारतीच्या राखणदाराला सांगितलं. तो एक म्हातारा सुदानी, अतिशय सभ्य गृहस्थ. त्यानं आमच्या भिंतीला कान लावला, डोळे मिटले, आणि "सदीक, खलास," म्हणजे दोस्ता, संपला, असा निर्वाळा दिला. दुसऱ्या दिवशी मेकॅनिक आला, त्यानं आमचा एसी उघडला, आतला पंखा फिरवून पाहिला आणि हाही म्हणाला खलास. नवा एसी लागला. आम्ही त्या थंडगार हवेत आडवे झालो, डोळे मिटले, आणि हुंकार सुरू झाला. मी तावातावानं बाहेर पडलो आणि शेजारची घंटी वाजवली, तर दार उघडून भूलवाले उभे. काखेत भाता, काखेत पिशवी, नळ्या मांडीवर लोंबताहेत, कपाळावर घाम. "या या!" ते म्हणाले, "तुम्हांला ऐकू आलं? कसं वाटलं?" त्यांच्या चेहऱ्यावर असा काही आनंद होता की भांडायला आलेल्या माणसानं चहा पिऊन परत जावं. नव्या एसीबद्दल मी त्यांना पुढे कधी सांगितलं नाही.

त्या दिवसापासून मी तांत्रिक सल्लागार झालो. माणसाचे अवयव आधारावर कसे ठेवावेत हे फिजिओथेरपिस्टाला कळतं, नळ्या काय वेगळ्या, असं त्यांचं म्हणणं. एकदा भर सकाळी ते आपलं सगळं सामान घेऊन माझ्या खात्यात आले आणि मला म्हणाले, "पेशंट समजा. तक्रार, नळ्या घसरतात." मी त्यांना तपासायच्या टेबलावर निजवलं. निजल्यावर पोट सपाट होईल असा माझा हिशेब होता. पोट सपाट झालं नाही, नुसतं रुंद झालं. गुडघ्याखालची उशी छातीवर ठेवली, मानेचा पट्टा नळ्यांना लावला, मोडलेल्या हाताची झोळी त्यांच्या गळ्यात अडकवून तीत नळ्या टाकल्या. पडद्याआड कुडाळकडचा एक फिटर पाठ शेकत पडला होता. आवाज ऐकून त्यानं पडदा सारला आणि आमचे भूलवाले टेबलावर उताणे, अंगावर पट्टे, नळ्या, पिशवी, हे बघून तो घाबरलाच. "अरे देवा, डॉक्टरांक भूल कोणी दिल्यान?" मी त्याला सगळं समजावून सांगितलं. त्यानं भात्याकडे नीट पाहिलं. "आमच्या गावात लोहाराकडे असोच भातो आसा," तो म्हणाला, "पण तो निदान कोयतो तरी घडवता." एवढं बोलून त्यानं पडदा ओढून घेतला.

उपाय पुष्कळ झाले. सलाईनच्या स्टँडला नळ्या टांगल्या, तर स्टँडला चाकं असल्यामुळे वादक आणि वाद्य एकमेकांपासून दूर जाऊ लागले. लेंग्याच्या नाडीनं खांद्याशी बांधल्या, तर ऐन चढावर नाडी सुटली; नशिबानं ती फक्त नळ्यांची होती. पोट कमी करावं, असं मी एकदा सुचवून पाहिलं. त्यावर त्यांनी इतक्या दुःखानं माझ्याकडे पाहिलं की मी तो विषय पुन्हा काढला नाही. एका गोष्टीत मात्र ते कधी चुकले नाहीत. खिडक्यांना गोधड्या लावून वाजवायचं आणि असरच्या, म्हणजे दुपार कलतानाच्या, अजानीआधी थांबायचं. राखणदार नमाजाला उठे, तेव्हा घरातून चकार सूर बाहेर पडत नसे. बाकी कुणाच्या झोपेची त्यांनी फिकीर केली नाही, पण परक्याच्या देवाची केली.

या सगळ्यात वहिनी कुठे होत्या, असं कुणी विचारील. वहिनी स्वयंपाकघरात होत्या. बारीक, अबोल, कामसू बाई. नवऱ्याच्या वाद्याबद्दल त्यांचं मत एकदाच माझ्या बायकोनं विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "घरात आहेत ना, मग वाजवू देत." त्यांची एकुलती एक मुलगी जेद्दाच्या इंडियन स्कूलमधून बारावी झाली आणि त्या उन्हाळ्यात पुण्याला कॉलेजात गेली. आमच्याकडे सगळ्यांच्याच घरी हे होतं. मूल अठरा वर्षं काखेत वाढवायचं आणि बारावी झाली की एका सुटकेसबरोबर विमानात बसवायचं, कारण पुढचं शिक्षण इथे नाही. मुलगी मजेत होती. फोनवर आईच्या दहा मराठी प्रश्नांना तिचं एक इंग्रजी उत्तर असे, "आय ॲम फाइन, मम्मा." पण वहिनींची झोप गेली ती गेलीच. रात्री नाही आणि दुपारीही नाही. मध्येच उठून फ्रीज पुसत बसत. डोळ्यांखाली काळं झालं, भाजीत मीठ दोनदा पडू लागलं. माझ्या बायकोनं भूलवाल्यांना स्पष्टच सुनावलं, "अहो, तुम्ही अख्ख्या गावाला झोपवता, यांना एक गोळी देता येत नाही?" ते खाली बघून म्हणाले, "गोळीनं डोळे मिटतील, ताई. पोर काही परत येणार नाही." त्या दिवशी त्यांनी वाजवलं नाही, आणि त्यांना काय खुपत होतं ते मला प्रथमच कळलं. ज्या एका माणसाला झोप हवी होती, त्याच्यापुढे त्यांची विद्या चालत नव्हती.

पुढचं घडलं ते मेथीमुळे. एका दुपारी वहिनी बैठकीच्या खोलीत स्टुलावर मेथी निवडायला बसल्या, कारण स्वयंपाकघरातला एसी गळत होता. भूलवाले सोफ्यावर वाजवत होते आणि वहिनी त्यांच्या उजव्या गुडघ्यापाशी, त्यांच्याकडे पाठ करून. चाल वर चढली, नळ्या नेहमीप्रमाणे घसरल्या आणि मांडीवर न आदळता वहिनींच्या खांद्यावर जाऊन टेकल्या. धाडकन आवाज झाला नाही. मिरजेचा शब्दही आला नाही. भिंतीपलीकडे मी आणि बायको एकदम उठून बसलो, कारण आयुष्यात पहिल्यांदा चालीचा दुसरा भाग सुरू झाला होता. काय सांगू, छान होता हो! पहिल्या भागाच्या छळाचं सार्थक व्हावं इतका छान होता. तो संपला, परत पहिला आला, परत दुसरा, आणि हे थांबेचना. शेवटी मी जाऊन दार ढकललं. वहिनी मांडीत मेथीची जुडी घेऊन, मान एका बाजूला टाकून गाढ झोपल्या होत्या. तिन्ही नळ्या त्यांच्या खांद्यावर कंप पावत होत्या. भूलवाल्यांचा चेहरा लालबुंद झाला होता, घामाची धार लागली होती आणि कोपर अखंड चालू होतं. मला बघून त्यांनी ओठांनीच सांगितलं, "थांबलो तर उठेल."

आता आली पंचाईत. अजान तर व्हायची होती, थांबणं भाग होतं. तेव्हा त्यांनी जे केलं ते मी पुढे वर्षभर रोज ऐकलं. उजवा हात नळीवरून काढून त्यांनी धाकटीच्या तोंडावर बोट ठेवलं. तिचा आवाज बंद झाला. थोडं थांबून मधली बंद केली. मग नुसती थोरली राहिली, खालचा एकच जाड सूर, तो त्यांनी बराच वेळ तसाच धरला आणि मग तिच्याही तोंडावर अलगद बोट ठेवलं. टेबलावरच्या माणसाची भूल ते अशीच टप्प्याटप्प्यानं उतरवत असणार. वहिनींनी डोळे उघडले, मेथीची जुडी नीट धरली आणि मागे न बघता म्हणाल्या, "मी जागीच आहे. वाजवा तुम्ही."

त्यानंतर रोज दुपारी वहिनी स्टुलावर. कधी मेथी, कधी लसूण, कधी नुसतीच विणकामाची पिशवी, पण काहीतरी हातात घेऊनच, कारण झोपायला बसतेय असं कबूल करणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. भूलवाल्यांना वर्षभर शोधून न मिळालेली जागा मिळाली होती. "उंची बरोबर, उतार बरोबर, आणि हलत नाही," ते मला अगदी शास्त्रोक्त सांगत. वहिनींच्या डोळ्यांखालचं काळं गेलं, भाजीत मीठ एकदाच पडू लागलं. इमारतीतल्या बाकीच्यांची झोप मात्र पार उडाली. एका केरळी सिस्टरनं तक्रार करायचं ठरवलं, तेव्हा माझी बायको, हनुवटीवाली, तरातरा तिच्याकडे गेली आणि हिंदीत म्हणाली, "उधर एक औरत सो रही है, समझी? तू कान में कपास डाल." तक्रार बारगळली. मी स्वतः कापूस वापरला नाही. धाकटी बंद, मधली बंद, थोरली बंद, आणि मग भिंतीतून तो बारीक आवाज, "मी जागीच आहे." ते ऐकल्यावर मी उठून तोंड धुवायचो.

पुण्याला मुलीला कावीळ झाली. तिनं घरी कळवलं नाही. तिच्या खोलीतल्या मैत्रिणीनं चोरून फोन केला. वहिनींनी ते ऐकलं, फोन ठेवला, आणि पोळ्या पुऱ्या करून मग नवऱ्याला सांगितलं, "मी जाते. आता तिचं शिक्षण होईपर्यंत तिथेच राहते." अबोल माणसाचं बोलणं फिरत नसतं. भूलवाले दोन दिवस हिशेबाची वही घेऊन बसले. त्यांना स्वतःला जाता येईना, फ्लॅटचे हप्ते, कॉलेजची फी, सगळं इथल्या पगारावरच होतं. मग त्यांनी स्वतः जाऊन वहिनींच्या पासपोर्टावर फायनल एक्झिटचा शिक्का मारून आणला, आणि माझ्यापाशी येऊन आवाज संथ ठेवून म्हणाले, "पोरीला आई पाहिजेच हो. मी काय, बॅचलर राहीन. इथे निम्मं गाव बायकोला गावाकडे ठेवून बॅचलरच आहे." मला त्यांची इतकी कीव आली की मी काहीतरी पोटावरून विनोद केला. तेही हसले.

जायच्या दिवशी मी गाडी काढली. असर झाली की जेद्दाच्या विमानतळाकडे निघायचं ठरलं होतं. सामान न्यायला म्हणून वर गेलो, तर दारात बॅगा उभ्या होत्या आणि आत हुंकार चालला होता. वहिनी प्रवासाची साडी नेसून, पर्स मांडीवर घेऊन स्टुलावर बसल्या होत्या आणि झोपल्या होत्या. तीन रात्री जागून बॅगा भरल्या होत्या त्यांनी. नळ्या खांद्यावर होत्या. चाल दुसऱ्या भागात होती. मी घड्याळ दाखवलं. भूलवाल्यांनी मान हलवली, आणि परत पहिल्या भागावर गेले. मी दारातच उभा राहिलो. खाली राखणदार वजूसाठी, नमाजाआधी हातपाय धुवायला, नळ सोडत होता, त्याचा आवाज येत होता. चाल आणखी एकदा झाली. मग त्यांनी हात काढला आणि धाकटी बंद केली. थांबले. मधली बंद केली. मग नुसती थोरली वाजत राहिली, आणि ती वाजतच राहिली. त्यांचं बोट तिच्या तोंडापर्यंत जायचं आणि परत यायचं. कोपर चालू होतं. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता.

"तुम्ही करा," ते मला म्हणाले. "मला नाही जमायचं."

जन्मभर उठवायचा पगार घेतलेला माणूस. मी पुढे झालो आणि थोरलीच्या तोंडावर अंगठा ठेवला. लाकूड थरथरत होतं, मग थांबलं. वहिनींनी डोळे उघडले, पर्स सावरली आणि मागे न बघता म्हणाल्या, "मी जागीच आहे. वाजवा तुम्ही."

"झालं वाजवून," भूलवाले म्हणाले आणि भात्याचा पट्टा सोडू लागले. रोजचा पट्टा, पण तो काही केल्या सुटेना. शेवटी मीच सोडवून दिला.

पुढे दोन वर्षं ते तिथे होते, मुलीचं शिक्षण होईपर्यंत. वाजवणं सोडलं नाही. वहिनींच्या स्टुलावर दोन उशा रचून, वर त्यांची एक जुनी सुती साडी घडी करून ठेवली होती, तिच्यावर नळ्या टेकवायचे. उंची बरोबर, उतार बरोबर, मी स्वतः मोजून दिला होता. "आराम आहे आता," ते म्हणायचे. चालही दोन्ही भाग नीट व्हायची. पण असरची वेळ होत आली की ते एकदम थांबत नसत. आधी धाकटी बंद व्हायची, मग मधली, मग नुसती थोरली खूप वेळ, आणि मग तीही. भिंतीपलीकडे मी डाव्या कुशीवर पडलेला असायचो. पलीकडेही ते कान देऊन बसलेले असणार. आम्ही दोघं थोडा वेळ तसेच थांबायचो, आणि मग अजान झाली की मी उठून तोंड धुवायला जायचो.